होर्मुझला वळसा घालणारे रूळ

ओमानमध्ये रेल्वे नाही. अल हम्राजवळच्या अल हूता गुहेत पर्यटकांना आत न्यायला २००६ मध्ये एक छोटी गाडी सुरू झाली होती. ती सोडली तर गाडीत बसून गावाला जाणं ओमानी माणसाला त्याच्या देशात आजवर जमलेलं नाही. रेल्वेचे नकाशे मात्र गेल्या पंधरा-सोळा वर्षांत भरपूर निघाले. कधी त्यांतली रेघ कुवेतपासून मस्कतपर्यंत आली, कधी सलालापर्यंत उतरली, कधी सोहारच्या पाठीमागचा डोंगर ओलांडून अबू धाबीला गेली. कल्पना सगळ्यांत एकच होती. आखाताचं पाणी आणि अरबी समुद्राचं पाणी रुळांनी जोडायचं, म्हणजे होर्मुझच्या सामुद्रधुनीवाचून अडायला नको.

भूगोलाचे मास्तर इथे हरकत घेतील आणि त्यांचं बरोबरच आहे. हे दोन महासागर नव्हेत, एकाच हिंदी महासागराच्या दोन शाखा आहेत. पण पनामात किंवा उत्तर अमेरिकेत दोन महासागर जोडताना जो विचार झाला तोच इथेही आहे, आणि इथे त्याला एक धार आहे जी तिथे नव्हती. होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी साधारण ३३ किलोमीटर आहे. मोठ्या जहाजांच्या जायच्या आणि यायच्या वाटा प्रत्येकी तीनेक किलोमीटर रुंदीच्या. २०२४ मध्ये तिथून रोज सुमारे २ कोटी पिंप तेल गेलं. जगात रोज जेवढं तेल लागतं त्याचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. गंमत अशी की त्या वाटा मुसंदमच्या टोकाजवळून, ओमानच्याच पाण्यातून जातात. म्हणजे अडचणीची जागाही ओमानच्या अंगणात, आणि तिला टाळणारी सोहार, दुक्म व सलाला ही बंदरंही ओमानचीच.

नकाशा पाहिला की कुणालाही हे पटतं. मला शंका आहे ती हिशेबाची. सरकारी पत्रकांमधून या रेल्वेचं कौतुक ‘होर्मुझला पर्याय’ म्हणून होतं. माझ्या मते ती तगली तर लोखंड आणि खडी यांच्या जोरावर तगेल, सामुद्रधुनी टाळण्याच्या जोरावर नाही. दोन समुद्र जोडणाऱ्या रेल्वेंचा इतिहासही थोडाफार हेच सांगतो.

पनामाची रेल्वे जानेवारी १८५५ मध्ये पुरी झाली. लांबी ७६ किलोमीटर. दलदल आणि तापाने हजारो मजूर मेले, पण कंपनीने बक्कळ पैसा कमावला, कारण कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं आणि जहाजाने जायचं तर अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा होता. १८६९ मध्ये अमेरिकेची आरपार रेल्वे झाली आणि पनामाच्या रेल्वेचे सोन्याचे दिवस सरले. आपल्याकडे मुंबई–कलकत्ता मार्ग मार्च १८७० मध्ये जबलपूरला जोडला गेला. तोही अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांना जोडणारा मार्ग आहे, पण त्याचं वर्णन असं कुणी फारसं करत नाही. करायची गरजच पडली नाही. भोर घाट १८६३ मध्ये आणि थळ घाट १८६५ मध्ये ओलांडला गेला तो वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरावर आणण्यासाठी, आणि सैन्य हलवण्यासाठी. दोन समुद्र जोडले गेले ते ओघाने.

उलटं उदाहरण पाहायचं तर युफ्रेटीस खोऱ्याच्या रेल्वेचं. सिंध रेल्वेचे अध्यक्ष विल्यम अँड्र्यू यांनी १८५६-५७ मध्ये भूमध्य समुद्रापासून आखातापर्यंत रूळ टाकायची योजना लंडनमध्ये मांडली. हिंदुस्थानची वाट त्याने आठवड्यांनी कमी होणार होती. कागदावर दोष काढायला जागा नव्हती, पण मधल्या वाळवंटात गाडीत चढवायला माल नव्हता. ब्रिटिश सरकारने व्याजाची हमी द्यायला नकार दिला. पुढे सुएझचा कालवा झाला आणि १८७५ मध्ये ब्रिटनने त्याचे समभाग विकत घेतल्यावर हा विषय जवळजवळ संपला. रेल्वे दोन टोकांवर जगत नाही, मधल्या मुलखावर जगते. अँड्र्यूसाहेबांचा मधला मुलूख रिकामा होता.

आता आखाताकडे. आखाती सहकार परिषदेच्या सहा देशांना जोडणाऱ्या रेल्वेला डिसेंबर २००९ मध्ये कुवेतच्या परिषदेत मान्यता मिळाली. लांबी २,११७ किलोमीटर. कुवेतपासून सौदीच्या पूर्व किनाऱ्याने, बहारीन व कतारला फाटे देत, अमिरातींतून मस्कतपर्यंत. २०१८ हे साल ठरलं होतं. ते गेलं. मग दुसरी सालं सांगितली गेली, तीही गेली, आणि आता २०३० चं बोललं जातं. मधल्या काळात सौदी, अमिराती आणि बहारीन यांनी कतारवर बहिष्कार घातला. ज्यांची विमानं एकमेकांच्या आकाशातून उडेनात त्यांच्या आगगाड्या एका रुळावर कशा धावणार? २०२१ मध्ये अल उलाच्या परिषदेत समेट झाला आणि पुढच्या वर्षी परिषदेचं रेल्वे प्राधिकरण उभं राहिलं.

ओमानने या योजनेतला आपला वाटा गांभीर्याने घेतला होता, हे नमूद करायला हवं. इटालफेर या इटालियन कंपनीकडून आराखडे करून घेतले. २०१४ मध्ये ‘ओमान रेल’ कंपनी स्थापन झाली. देशभरात २,१०० किलोमीटरहून अधिक जाळं ठरलं. सोहारहून एक हात अमिरातींच्या सीमेवरच्या बुरैमीकडे, एक मस्कतकडे, आणि तिथून आत वळून दुक्म व सलालाकडे. पहिला टप्पा सोहार बंदर ते बुरैमी, २०७ किलोमीटर. निविदा मागवल्या, जगभरच्या कंपन्या रांगेत उभ्या राहिल्या.

आणि तेल घसरलं. २०१४ च्या मध्याला पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये तिसाखाली गेला. त्याच महिन्यात अमिरातींच्या एतिहाद रेलने दुसऱ्या टप्प्याच्या निविदा थांबवल्या. आता सोहारहून डोंगर ओलांडून बुरैमीला आलेली गाडी पुढे जाणार कुठे? मे २०१६ मध्ये ओमाननेही पहिल्या टप्प्याचं काम बासनात गुंडाळलं. तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. शेजाऱ्याचे रूळ येईपर्यंत बुरैमीच्या वाळूत संपणारी रेल्वे बांधून ठेवणं म्हणजे आडात पाणी यायच्या आत मोट बांधण्यासारखं झालं असतं.

शेजाऱ्याची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण ओमानच्या रेल्वेचं भवितव्य तिच्यातच आहे. एतिहाद रेलचा पहिला टप्पा २६४ किलोमीटरचा. वाळवंटातल्या शाह आणि हबशानच्या वायुक्षेत्रांतून निघणारं गंधक रुवैसच्या बंदरावर नेण्यासाठी तो बांधला. २०१६ पासून तो पूर्ण क्षमतेने चालू झाला, म्हणजे ज्या वर्षी बाकी सगळं थांबलं त्याच वर्षी. गंधकाचे दाणे नेणाऱ्या गाडीला दोन समुद्र, सहा देश असं काही लागत नाही. एक खाण, एक बंदर आणि रोजचा माल एवढं पुरतं. पुढे दुसरा टप्पा सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सौदी सीमेवरच्या घुवैफातपासून फुजैरापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचं मालवाहू जाळं खुलं झालं. फुजैरा हे बंदर ओमानच्या आखातावर, म्हणजे होर्मुझच्या बाहेर आहे. थोडक्यात, आत आणि बाहेरचं पाणी जोडणारी रेल्वे आज अस्तित्वात आहे. ती ओमानची नाही, अमिरातींची आहे, आणि हजर पर्वत पोखरून गेलेली आहे. ओमानच्या रेल्वेविषयी लिहिणारे बरेच जण हा तपशील गाळतात. तो गाळला तर पुढचं सगळं भव्य दिसतं, एवढंच.

मग ओमानला काय उरलं? उरलं ते कमी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अमिरातींचे अध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद मस्कतला आले तेव्हा ओमान रेल आणि एतिहाद रेल यांनी भागीदारीचा करार केला. सोहार ते अबू धाबी, ३०३ किलोमीटर, ३ अब्ज डॉलर. एप्रिल २०२४ मध्ये सुलतान हैथम अबू धाबीला गेले तेव्हा मुबादला ही अबू धाबीची गुंतवणूक कंपनी भागीदार झाली आणि प्रकल्पाला ‘हफीत रेल’ हे नाव मिळालं. अल ऐनच्या डोक्यावरचा जबल हफीत हा डोंगर दोन्ही देशांच्या सीमेवर बसलेला आहे, तेव्हा नाव ठेवताना भांडण होण्याचं कारण नव्हतं. प्रवासी गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने सोहारहून अबू धाबीला १०० मिनिटांत पोचेल, अल ऐनला ४७ मिनिटांत. मालगाडीचा वेग १२०. साठ पूल, काही ३४ मीटर उंचीचे, आणि अडीच किलोमीटरचे बोगदे. रूळ टाकण्याच्या कामात मुंबईची लार्सन अँड टुब्रो आहे, त्यामुळे तिथल्या छावण्यांतून मराठी कानावर पडलं तर नवल वाटू नये.

वाट मात्र नवी नाही. सोहारहून बुरैमीकडे जाणारी वादी अल जिझ्झी ही हजर पर्वतातली जुनी खिंड. मेसोपोटेमियाच्या मृत्पट्टिकांमध्ये ‘मगन’ म्हणून ज्या तांब्याच्या देशाचा उल्लेख येतो तो हाच भाग असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि सोहारच्या मागच्या टेकड्यांत तांब्याच्या जुन्या खाणी व मळीचे ढीग आजही दिसतात. विसाव्या शतकात ही वाट भांडणाची झाली. १९५२ मध्ये सौदी तुकडीने बुरैमीतलं हमासा गाव बळकावलं. १९५५ मध्ये ब्रिटिशांच्या हाताखालच्या फौजेने ते सोडवलं. त्यानंतर बुरैमी आणि अल ऐन ही एकमेकांना चिकटलेली गावं इतकी मोकळी होती की भाजी इकडे आणि पाव तिकडे घ्यावा. २००६ मध्ये तिथे कुंपण आणि तपासणी नाकी आली. नव्या रेल्वेला या नाक्यांतून जायचं आहे. बोगदे खणणं सोपं, पण गाडीभर मालाच्या जकातीची कागदपत्रं गाडी न थांबवता उरकणं सोपं नाही. वेगाचे आकडे पत्रकांत छापले जातात, सीमेवर गाडी किती वेळ उभी राहील ते छापलं जात नाही. माझ्या मते या रेल्वेचं यश ताशी १२० पेक्षा त्या मिनिटांवर ठरेल.

आता तो हिशेब. कंपनीच्या म्हणण्यानुसार एका मालगाडीतून साधारण २७० कंटेनर किंवा १५,००० टन माल जाईल. दुबईच्या जबल अली बंदरातून २०२४ मध्ये दीड कोटीहून अधिक कंटेनर हलले, म्हणजे रोज चाळीस हजारांच्या वर. उद्या होर्मुझ बंद झाली आणि हा सगळा माल सोहारला उतरवून गाडीने न्यायचा ठरला, तर दिवसाला दीडशे गाड्या लागतील. दर साडेनऊ मिनिटांनी एक, रात्रंदिवस. मुंबईच्या लोकलला हे जमतं, डोंगरातून येणाऱ्या अवजड मालगाड्यांना नाही. औषधं, धान्य, सुटे भाग अशा निवडक मालासाठी वाट मोकळी राहील आणि अडचणीच्या दिवसांत तेवढंही मोलाचं आहे, पण सामुद्रधुनीला पर्याय म्हणावा असं त्यात काही नाही. तेलाचं तर नावच नको. त्याला रेल्वे लागत नाही, नळ लागतो, आणि हबशान ते फुजैरा हा सुमारे ४०० किलोमीटरचा, रोज १५ लाख पिंपांचा नळ २०१२ पासून आहे.

शिवाय बाहेर असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. मे २०१९ मध्ये चार जहाजांवर हल्ला झाला तो फुजैराजवळ, आणि जूनमध्ये आणखी दोन जहाजांवर झाला तो ओमानच्या आखातात. दोन्ही ठिकाणं सामुद्रधुनीच्या बाहेरची. असं काही घडलं की युद्धजोखमीच्या विम्याचा हप्ता त्या सगळ्या पाण्यासाठी चढतो, सोहारला जाणाऱ्या जहाजालाही. आणि शांततेच्या काळात? सोहारहून जबल अलीला जहाज साधारण एका दिवसात पोचतं. पनामात हजारो मैलांचा वळसा वाचत होता, इथे एक दिवस वाचतो. त्या एका दिवसासाठी जहाजातून कंटेनर उतरवा, गाडीत चढवा, परत उतरवा, हा उद्योग व्यापारी रोज करणार नाही. व्यापाऱ्याला भूराजकारण कळत नाही असं नाही, त्याला दर आधी कळतो.

लोखंडाचं तसं नाही. सोहारला ब्राझीलच्या व्हाले कंपनीचा लोहखनिजाच्या गोळ्या करण्याचा कारखाना आहे, वर्षाला ९० लाख टनांच्या क्षमतेचा. ४ लाख टन पोटात घेणारी जहाजं ब्राझीलहून इथे लागतात. त्याच बंदरात जिंदलांचा पोलाद कारखाना आहे. पलीकडे अबू धाबीच्या मुसफ्फा भागात पोलादाच्या भट्ट्यांना अशाच गोळ्या लागतात. व्हाले आणि जिंदल या दोघांशीही रेल्वे कंपनीने सुरुवातीलाच बोलणी केली, आणि या प्रकल्पाविषयीची सर्वांत शहाणी बातमी मला तीच वाटली. शिवाय हजर पर्वताचा दगड आहे. अबू धाबी आणि दुबईच्या काँक्रीटला खडी लागते आणि वाळवंटात दगड नसतो. एक गाडी १५,००० टन नेत असेल तर चाळीस टनांचे पावणेचारशे ट्रक रस्त्यावरून उतरले. असा माल जहाजाला परवडत नाही आणि ट्रकला पेलत नाही, म्हणून तो रेल्वेचा. राहिला प्रश्न परतीचा. अबू धाबीहून सोहारकडे येताना डबे कशाने भरणार? रुवैसच्या प्लास्टिकच्या दाण्यांनी काही भरतील, पण दगडाच्या उघड्या वाघिणीत प्लास्टिक भरता येत नाही. रिकाम्या वाघिणी ओढण्याचा खर्च कुणाच्या तरी भाड्यात धरावाच लागेल.

कोकण रेल्वेची आठवण इथे होते. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, डोंगर, नद्या, बोगदे, सरकारी अंदाजपत्रकाबाहेर रोख्यांनी उभा केलेला पैसा. १९९८ मध्ये मार्ग पूर्ण सुरू झाला तेव्हा बांधणीचं कौतुक जगभर झालं, पण मालवाहतूक अंदाजाइतकी आली नाही आणि कर्जाचं ओझं वर्षानुवर्षं राहिलं. तेव्हा १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रकच गाडीवर चढवून नेण्याची युक्ती निघाली. ट्रकवाल्याशी भांडण्यापेक्षा त्यालाच गिऱ्हाईक करून घेतलं. ओमानला ही युक्ती पुढेमागे उपयोगी पडेल असं वाटतं, कारण त्याचे रस्ते उत्तम आहेत. १९७० मध्ये ज्या देशात जेमतेम दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता त्या देशाने २०१८ मध्ये बातिना किनाऱ्याचा द्रुतगती मार्ग पुरा केला आणि २०२१ च्या अखेरीस रुब अल खालीच्या वाळूतून इब्रीहून थेट सौदीला जाणारा रस्ता खुला केला. रेल्वेची खरी स्पर्धा या डांबराशी आहे.

कोकणाशी दुसरं साम्य पाण्याचं. वाळवंटात पाण्याची भीती कशाला, असं वाटेल. पण वादी वर्षभर कोरडी असते आणि मग एका तासात गाड्या वाहून नेते. जून २००७ च्या गोनू वादळाने ओमानात पन्नासेक माणसं घेतली, ऑक्टोबर २०२१ च्या शाहीनने बातिनाचा किनारा झोडपला, एप्रिल २०२४ च्या पुरात शाळकरी मुलं गेली. तीनशे किलोमीटरला साठ पूल कशासाठी, याचं उत्तर यात आहे.

दक्षिणेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे सांगण्यासारखं अजून फार घडलेलं नाही. मस्कतपासून सलाला हजार किलोमीटर, मधे हैमा, थुमरैत अशी मोजकी गावं. दुक्मला २०११ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालं, जहाजदुरुस्तीची गोदी झाली, २०१८ पासून भारतीय नौदलाला तिथे सोयी मिळतात. सलाला १९९८ पासून कंटेनर बंदर म्हणून नावाजलेलं आहे, पण तिथे एका जहाजातून उतरलेला माल बहुतांशी दुसऱ्या जहाजात चढतो, देशात शिरत नाही. त्याला रूळ कशाला? धोफारमध्ये जिप्सम आणि चुनखडी मुबलक आहे. त्या खाणींसाठी बंदरापर्यंतचा छोटा मार्ग बांधला तर मी त्याच्या बाजूचा. दुक्म–सलाला सलग मार्ग मात्र आज अँड्र्यूसाहेबांच्या जातीचा आहे.

आपल्या किनाऱ्यावरून हे कसं दिसतं? सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत–पश्चिम आशिया–युरोप मार्गिकेची घोषणा झाली. भारतातून जहाजाने अमिरातींपर्यंत, पुढे रेल्वेने सौदी ओलांडून भूमध्य समुद्रापर्यंत. सह्या करणाऱ्यांत ओमान नव्हता. काही आठवड्यांत गाझाचं युद्ध पेटलं आणि पश्चिमेकडचं टोक अधांतरी राहिलं. इकडे पालघरच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, ७६,२२० कोटी रुपयांची, आणि त्याच्या समर्थनात या मार्गिकेचा हवाला दिला गेला. मच्छीमारांचा विरोध आहे, तो वेगळा आणि मोठा विषय. पण न्हावा शेवा असो की उद्याचं वाढवण, पूर्वेकडून निघालेल्या जहाजाला होर्मुझच्या आत न शिरता माल उतरवायचा तर फुजैरा किंवा सोहार यांसारखीच बंदरं उरतात. करारावर सही नसलेला देश नकाशावर सर्वांत सोयीच्या जागी बसला आहे. (२०१८ मध्ये मुंबई ते फुजैरा समुद्राखालून रेल्वेची एक कल्पना तिकडच्या एका सल्लागार कंपनीने मांडली होती. तिची चित्रफीत आपल्याकडच्या व्हॉट्सअॅपवर अजून दर पावसाळ्यात उगवते. तिच्याबद्दल इतकंच पुरे.)

हफीत रेल पुरी झाली तरी आखाती परिषदेच्या मूळ योजनेतला सोहार–मस्कत हा सुमारे दोनशे किलोमीटरचा तुकडा उरतोच. ओमानची दाट वस्ती त्याच पट्ट्यात आहे, सीब, बरका, सुवैक, सहम अशी गावांमागून गावं, आणि रोज सकाळी मस्कतच्या वाटेवर मोटारींची रांग. प्रवासी गाडीला गिऱ्हाईक असेल तर इथे आहे. पण २०२५ पर्यंत या तुकड्याचं बांधकाम सुरू झालेलं नव्हतं. बंदराचं काम मस्कतहून सोहारला २०१४ मध्येच गेल्यामुळे मालगाडीला मस्कतमध्ये कारण उरलेलं नाही, आणि नुसत्या प्रवाशांच्या तिकिटावर कर्ज द्यायला बँका तयार होत नाहीत. हा खर्च सरकारने करायचा की नाही हे मस्कतमध्ये ठरेल. २,११७ किलोमीटरच्या नकाशात मस्कतचा ठिपका शेवटचं स्थानक म्हणून छापलेला आहे.